पायलीभर ज्वारीची चिठ्ठी

मी आयुष्यात एकच मानपत्र लिहिलं, आणि तेही सूड उगवण्यासाठी. त्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. वय झालं की माणूस सगळ्यांना क्षमा करून टाकतो असं ऐकते. माझं वय झालं आहे. तेवढं एक राहिलं आहे.

पुलगावहून बैलगाडीनं दोन तासांवर आमचं गाव. जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. गावच्या कन्याशाळेत मी मास्तरीण होते. माझी माय कापूस वेचायला, निंदायला जायची. वडील मी लहान असतानाच गेले होते. आम्ही दोघीच.

एका हिवाळ्यात सेवाग्रामकडून एक खादीवाले गृहस्थ आले. चावडीसमोर सतरंजीवर बसून त्यांनी औषध-निधीची योजना समजावली. पीक निघालं की घरटी पायलीभर ज्वारी द्यायची. शेत असो नसो, पायली सगळ्यांना सारखी. ती विकून आलेला पैसा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जमा होणार, सरकार त्यात आपली भर घालणार, आणि ज्या घरानं ज्वारी दिली त्या घरातल्या कोणालाही वर्षभर औषधपाणी, ऑपरेशन, खाट, सगळं फुकट. गावातून फक्त एक चिठ्ठी न्यायची.

लोकांना फुकट हा शब्द कळला. आधी द्यायचं हे कळेना.

"आन आजारी नाई पडलो त ज्वारी वापस भेटन काय?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"नाही मिळणार," गृहस्थ म्हणाले.

"मंग आजारी पडाच लागते म्हना की!"

लोक हसले. खादीवाले गोंधळले, त्यांच्या भाषणात या प्रश्नाची सोय नव्हती. माझी माय मागे उभी होती. ती म्हणाली, "अवं, तू नाई पडली त तुही ज्वारी दुसऱ्याच्या दुखन्याले लागन. मी पडली त साऱ्याइची माह्या दुखन्याले. सोपं त हाय."

पुढे मी या विषयावर छापलेलं बरंच वाचलं. यापेक्षा सोपं कुठे सापडलं नाही. त्या साली मायनं मजुरीत मिळालेल्या ज्वारीतून पायली भरली, आणि वर एक ओंजळ जास्तीची टाकली.

योजनेला एक अध्यक्ष हवा होता. गावात अध्यक्ष व्हायला मोकळा असा एकच माणूस होता, तो म्हणजे मालगुजार. सरकारनं नुकतीच मालगुजारी काढून घेतली होती. गावाचा लगान वसूल करण्याचा वंशपरंपरेचा हक्क गेला. पण वाड्याची ओसरी, तक्क्या, दिवाणजी आणि समोर लोकांना उभं ठेवण्याची सवय हे सगळं शिल्लक होतं. नुसतं पडून होतं. औषध-निधीनं त्याला काम दिलं.

नियमाप्रमाणे ज्वारीच्या यादीत नाव असलं की चिठ्ठी द्यायची, बस. मालगुजारांनी त्याचा दरबार केला. दर गुरुवारी सकाळी ते ओसरीवर बसत, लोक अंगणात उभे राहत. दिवाणजींच्या मांडीवर लगानाचं जुनं रजिस्टर असे, कोरी पानं बरीच उरलेली. ज्या रकान्यात पूर्वी बाकी लिहीत, त्यात आता दुखणं लिहीत. आणि वसुलीच्या दिवसांत जसं व्हायचं तसंच, बैठक उठण्याआधी दिवाणजी सगळ्या नोंदी मोठ्यानं वाचून दाखवत. पूर्वी कोणाकडे किती थकलं ते सारं गाव ऐकायचं, आता कोणाला काय झालं ते. याला ते 'हजेरी वाचणं' म्हणत. मालगुजार डोळे मिटून ऐकत आणि अधूनमधून मान हलवत, जणू हे सगळे आजार त्यांनीच वाटले होते.

पुरुषांचा खोकला आणि पोरांचा ताप यांना त्याची फारशी झळ लागली नाही. बायका मात्र गुरुवारी जाईनाशा झाल्या. ज्वारी देत आणि दुखणं घरात ठेवत.

मायचं दुखणं बायकी होतं. अंग बाहेर येत होतं. वर्षानुवर्षं डोक्यावर ओझी वाहिलेल्या बायकांना होतं तेच. ती घट्ट कपडा बांधून कामाला जाई. मला कळलं तेही, शाळेत पोरींना देवी टोचायला आलेल्या नर्सबाईंमुळे. मायची चाल पाहून त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं, "जखम व्हायला लागली आहे. ऑपरेशन करावं लागेल. उशीर कराल तर ही जखम चिघळेल, मग माझ्या हातात काही नाही आणि डॉक्टरांच्याही नाही." चिठ्ठीशिवाय ऑपरेशनचा खर्च आम्हा दोघींच्या आवाक्याबाहेर होता. चिठ्ठी हवी होती. ती मालगुजारांकडे होती.

त्या गुरुवारी मी शाळेत होते. माय एकटी गेली. पुढचं काही मला शेजारच्या काकूंनी सांगितलं, काही पुढे दिवाणजींनीच.

मायनं दिवाणजींजवळ जाऊन हळूच सांगितलं, बायकी दुखणं हाय, ऑपरेशन सांगतलं.

"बायकी म्हंजे काय?" मालगुजारांनी तक्क्यावरून विचारलं. "ओ बुढे, मोठ्यानं बोल. रजिस्टरात असं मोघम चालत नाई. सरकारले दाखवा लागते."

सरकारला काहीही दाखवायचं नव्हतं. मायनं पदर पुढे ओढला. मागे वीसेक पुरुष होते. मालगुजार म्हणाले, "सांगायचं नसन त जाय घरी. आमाले काय, तुहंच मरन."

तेव्हा तिनं सांगितलं. मग हजेरी वाचण्याची वेळ आली आणि दिवाणजींनी माझ्या वडिलांचं नाव घेऊन, त्यांची विधवा, असं म्हणून, तो रकाना वाचला. पायरीवर बसलेला कोणी तरी हसला. मालगुजारांनी त्याला दटावलं नाही. "या वयात?" असं म्हणाले, आणि मग तेही हसले. चिठ्ठी त्या दिवशी दिलीच नाही. "पुढच्या गुरवारी येजो. आधी वैद्याले दाखवू, खरंच हाय का पाहू."

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा माय ज्वारी पाखडत बसली होती. तिनं सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि सूप खाली ठेवलं.

"मी ज्वारी देल्ली होती, पोरी. भीक मांगाले नोती गेली. आता त्या वाड्यात माहा पाय नाई पडनार. मेली तरी नाई."

मी खूप समजावलं. मी जाते, मी चिठ्ठी आणते, म्हटलं. तिनं विचारलं, "तू काय सांगशीन थिथं? माय कायनं मरून राह्यली थे?" दुसऱ्या दिवशी ती घट्ट कपडा बांधून कापूस वेचायला गेली.

मी शांत स्वभावाची बाई आहे अशी माझी ख्याती होती. पोरींना मी कधी छडी मारली नाही. त्या आठवड्यात मात्र शुद्धलेखन तपासताना माझ्या पेनाची दोन टोकं मोडली. निनावी अर्ज करावा असं आधी मनात आलं. पण माझं अक्षर सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि निनावी अर्जाची चौकशी शेवटी अध्यक्षांकडेच यायची. सभेत उभं राहून बोलावं, तर मायचं दुखणं पुन्हा एकदा चव्हाट्यावर मीच मांडणार. मी वाट पाहायचं ठरवलं. मायजवळ मात्र तितका वेळ नव्हता. त्यामुळे ते तीन आठवडे मला फार लांब गेले.

चौथ्या आठवड्यात दिवाणजी शाळेत आले. मालकांची एकसष्टी आहे, म्हणाले. मांडव पडणार, गूळ-तुला होणार, पुलगावहून भोंगा येणार. डिप्टी कमिशनर आणि सिव्हिल सर्जन दोघंही यायला तयार झाले आहेत. तेव्हा मास्तरीणबाईंनी मानपत्र लिहावं, अशी मालकांची इच्छा.

मी लगेच हो म्हटलं. दिवाणजींनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

मानपत्र हा प्रकार ज्यांनी वाचला आहे त्यांना ठाऊक असेल की त्यात माणूस नसतो, नुसती विशेषणं असतात. ती ओळीनं उभी करायची आणि शेवटी दीर्घायुष्य मागायचं. मी पहिल्या चार परिच्छेदांत तेच केलं. मालगुजारांना मी दानशूर म्हटलं, प्रजावत्सल म्हटलं; प्रजा कायद्यानं काढून घेतली होती हे लिहिलं नाही. पाचव्या परिच्छेदात मी असं लिहिलं:

"औषध-निधीची चिठ्ठी मागावयास आलेल्या कोणाही माउलीस आपण तिचे दुखणे कधी विचारले नाही. ज्याने ज्वारी दिली त्याची चिठ्ठी त्याच्या हक्काची, हा आपला नियम. ती घेण्यास कोणी आपल्या दारी तिष्ठत राहू नये, म्हणून आजच्या मंगल प्रसंगी आपण चिठ्ठ्यांचे पुस्तक व निधीचे रजिस्टर गावच्या कन्याशाळेस अर्पण करीत आहात."

मसुदा घेऊन मी वाड्यावर गेले. मालगुजारांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचायला सुरुवात केली. 'दानशूर' दुसरा होता, तो पहिला करायला लावला. 'विद्वान' राहून गेलं होतं, ते घातलं. मग ते पाचव्या परिच्छेदाशी आले. शेजारी वाकून वाचणारे दिवाणजी खोकले.

"खोकू नको," मालगुजार म्हणाले. त्यांनी पहिली दोन वाक्यं पुन्हा वाचली. डोळ्यांत चक्क पाणी आलं. "खरं हाय बाई. अगदी खरं लिहिलं. आपला सोभावच तसा हाय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं ते खोटं ओळखतील आणि मला वाद घालावा लागेल. मी उत्तरं घोकून आले होते. त्यांची गरजच पडली नाही. आपली स्तुती करताना कोणी खोटं बोललं असेल, ही शंकाच या माणसाला आयुष्यात कधी आलेली नव्हती.

"पन हे अर्पन कवा ठरलं?" त्यांनी विचारलं.

"डिप्टीसाहेबांपुढे काही तरी अर्पण झालेलं बरं, मालक. शेजारच्या मालगुजारांनी गेल्या साली विहीर अर्पण केली होती."

"थ्या कोरड्या हीरीचं काय सांगता!" ते उसळले. मग विचार करून म्हणाले, "पुस्तक आन रजिस्टर, दोन्ही. लाल फडक्यात बांधून, चांदीच्या ताटात. दुसऱ्या दिवशी दिवाणजी वापस घेऊन येतीन." आणि मसुद्यावर बोट ठेवलं. "हे पाचवं जरा जाड अक्षरात छापा."

जाड अक्षरात छापून घेतलं. चौकट सोनेरी होती.

एकसष्टीच्या दिवशी मायला मी मुद्दाम नेलं. ती येईना. "मी त्याच्या वाड्यात नाई जात."

"वाड्यात नाही, माय. मांडव चावडीपुढे आहे. जागा गावाची."

ती बायकांच्या बाजूला कनातीशी बसली. तिची कंबर अवघडत होती, तरी ताठ बसली होती. गुळाच्या ढेपांनी मालगुजारांची तुला झाली. त्यांना तोलायला बऱ्याच ढेपा लागल्या आणि भोंग्यावरून प्रत्येक ढेप जाहीर करण्यात आली. नंतर मी मानपत्र वाचलं. भोंगा खरखरत होता, पण पाचवा परिच्छेद मी इतका सावकाश वाचला की शेवटच्या रांगेतल्या बैलांनाही कळला असावा. लोक एकमेकांकडे पाहू लागले. टाळ्या वाजल्या त्या पाहुण्यांच्या रांगेत.

मालगुजारांनी डौलात ताट उचललं आणि लाल फडक्यासह माझ्यापुढे धरलं. मी ताट घेतलं, आणि शाळेनं करावा तसा आदर म्हणून सिव्हिल सर्जनसाहेबांच्या पुढे टेबलावर ठेवलं. फडकं मी सोडलं नाही. ते त्यांनीच सोडलं. डॉक्टर लोकांना बांधलेलं काही दिसलं की सोडून पाहायची सवय असते, या भरवशावर मी होते.

सर्जन उंच, केस पिकलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी रजिस्टर मधेच उघडलं. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मग रजिस्टर डिप्टीसाहेबांकडे सरकवून एका रकान्यावर बोट ठेवलं. बायकांची नावं, त्यांच्या नवऱ्यांची नावं, आणि समोर सगळं.

"मानपत्रात तर लिहिलं आहे की आपण दुखणं कधी विचारलं नाही," डिप्टीसाहेब म्हणाले. आवाज सौम्य होता. पण भोंग्याचा माइक टेबलावरच होता, आणि ते साऱ्या मांडवानं ऐकलं.

"थे... पह्यलेचं हाय, साहेब," मालगुजार म्हणाले.

"शेवटची नोंद गेल्या गुरुवारची आहे."

मालगुजारांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी मांडवाच्या झालरीकडे पाहत होते. मालगुजारांच्या फेट्याखालून घामाची एक धार कानामागून उतरत होती ती मी पाहिली, आणि ती गळ्यातल्या हारात जाईपर्यंत पाहत राहिले.

सर्जनसाहेबांनी रजिस्टर मिटलं. "रोग ओळखायचं काम माझं आहे. हे मी माझ्याबरोबर नेतो. चिठ्ठीवर फक्त नाव हवं." डिप्टीसाहेबांनी चिठ्ठ्यांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर तसा शेरा लिहिला आणि खाली सही केली. मग मालगुजारांचा हात हातात घेऊन, त्यांच्या उदार अर्पणाबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. साहेब खरंच भाबडे होते की नव्हते, ते मला अजून कळलेलं नाही.

एवढ्यात बायकांच्या बाजूला हालचाल झाली. माय उठली होती. एका हातानं कनातीची दोरी धरून, सावकाश पावलं टाकत ती टेबलापर्यंत आली. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

"मले चिठ्ठी द्या," ती मला म्हणाली, जणू मी तिची कोणीच नव्हते. मग मालगुजारांकडे वळली. "कारन पाह्यजे असन त थ्या लाल फडक्यात लिहून हाय. तुमी वाचलं, गावानं आयकलं. आता डाक्टरनं वाचलं. बाकी कोनी राह्यलं काय, मालक?"

कोणी हसलं नाही. पायरीवर हसणारा त्या दिवशी कोण होता ते मला कधी कळलं नाही, पण तो मांडवात असणार. मी पहिली चिठ्ठी फाडली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट अक्षर त्या चिठ्ठीवर आहे.

ऑपरेशन आठवड्याच्या आत झालं. जखम अजून आवरण्यासारखी होती, असं सर्जन म्हणाले. आणखी महिना गेला असता तर त्यांनी हात लावला नसता. माय तिथे वीस दिवस होती. पांढऱ्या चादरीवर ती पहिल्यांदाच निजली होती, आणि खाटेवरून शेजारणींना ज्वारीचा हिशोब समजावत होती: तुही माह्यासाठी, माही तुह्यासाठी. परत आली ती कपडा न बांधता चालत आली.

एकसष्टीच्या दुसऱ्याच दिवशी पुस्तक परत न्यायला दिवाणजी आलेच होते. मी त्यांना सहीचं पान दाखवलं. ते म्हणाले, "मले मालूम होतं, बाई. म्हनूनच त मी खोकलो होतो." आणि वळता वळता, "एकदाच खोकलो." मग गेले. त्यांचं मी काही वाईट चिंतत नाही.

गुरुवारचा वार मी मुद्दाम तोच ठेवला. शाळा सुटली की ओट्यावर टेबल मांडायचं, यादीत नाव पाहायचं, चिठ्ठी द्यायची. बायका येऊ लागल्या. माय बरी झाल्यावर पायरीवर येऊन बसायची. कामाला येते म्हणायची. खरं तर बघायला यायची.

पुढच्या वर्षी ज्वारीच्या हंगामानंतर एका गुरुवारी मालगुजार स्वतः आले. पायी. ज्वारी त्यांनीही दिली होती, नाव यादीत पहिलं होतं. पैशानं त्यांना नागपूरचा डॉक्टर परवडला असता. पण फुकट मिळणारी वस्तू सोडणं त्यांना जमलं नसावं. ओट्यावर सातआठ बायका होत्या. त्यांनी वाट करून दिली.

"एक चिठ्ठी पाह्यजे होती," ते हळूच म्हणाले.

"देते की. बसा ना, मालक." मी माझी लाकडी खुर्ची पुढे सरकवली.

"नाई, उभाच बरा हाय."

"असं कसं? तुम्ही अध्यक्ष. बसा."

"नको म्हनतो नं, बाई."

मी दुसऱ्यांदा खुर्ची सरकवली. तिसऱ्यांदाही. एका बाईनं पदर तोंडात धरला. तिच्या शेजारणीनं मान खाली घातली. तेव्हा माय पायरीवरून म्हणाली, "बसू द्या वं त्याइले, पायी आले. अंगावरची शाल काढून घडी करून ठेवा खाली, मंग बसता येईन."

मालगुजारांचं तोंड तांबडं झालं. ते उभेच राहिले. मी दौत पुढे ओढली आणि चिठ्ठी लिहायला घेतली, अगदी सावकाश, माझ्या उत्तम अक्षरात, ज्या अक्षरात त्यांना दानशूर लिहिलं होतं. तेवढा वेळ ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले.

कारण मी विचारलं नाही. नियमच तसा होता, त्यांच्याच मानपत्रात, जाड अक्षरात छापलेला.